जुन्या नेटवर्क कार्डांचे फुकट ड्रायव्हर: सांभाळायचे कोणी आणि कुठवर?

जंपर

प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे नाही विचारला तर अख्ख्या नागपुरात कुठे विचारणार?

घरी ८०८८ प्रोसेसरची एक एक्सटी (ऐंशीच्या दशकातला आयबीएम पद्धतीचा पीसी) आहे. तिच्या आठ बिटांच्या स्लॉटमध्ये आरटीएल८०१९एएस चिपचं एक बिनब्रँडचं कार्ड बसवलं. नॉव्हेलच्या एनई२००० ची ही नक्कल. डॉसवर नेटवर्क हवं तर पॅकेट ड्रायव्हर लागतो, म्हणजे कार्ड आणि नेटवर्कचे प्रोग्रॅम यांच्यातला छोटा दुवा. मला सोर्ससकट (मूळ कोडसकट) मिळालेला ड्रायव्हर कार्ड ओळखायचा, मॅक पत्ताही (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दाखवायचा, पण पॅकेटं मात्र फाटकी यायची. कारण तो कार्डाला सोळा बिटांत बोलायला लावत होता आणि स्लॉट आठ बिटांचा. शिवाय आठ बिटांत कार्डावरची निम्मीच मेमरी हाताशी असते. म्हणून रिसीव्ह रिंगचं (आलेली पॅकेटं साठवायच्या जागेचं) शेवटचं पान ८० हेक्सवरून (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतले आकडे) ६० हेक्सवर आणलं, बाइट मोड लावला, आणि गाडी चालू झाली.

मूळ सोर्स जीपीएलखाली (सोर्स मोकळा ठेवायची अट घालणारा परवाना) होता, म्हणून माझी दुरुस्तीही सोर्ससकट सगळ्यांसाठी ठेवली. आता परदेशातून पत्रं येतात. एकाला ३सी५०३ या थ्रीकॉमच्या कार्डाचा ड्रायव्हर दुरुस्त करून हवाय, एकाचं कार्ड ओळखलंच जात नाही, एकजण 'पुढची आवृत्ती कधी?' म्हणून मागे लागलाय. नोकरी सांभाळून मी हे करतो. 'जसं आहे तसं घ्या' लिहून हात झटकायचे, की एकदा बाहेर ठेवलं म्हणजे निस्तरायचं?

वऱ्हाडी ठेचा

काऊन बे भाऊ, मे महिन्यात ४५ डिग्रीत एक्सटी चालू करून राहिला? कूलर कोणाले लावते, तुले का मशीनले?

जंपर

मशीनला. मी ओला गमछा घेऊन बसतो.

नंदनवन

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं भंगार आहे. पाच-सहा हजारांत येणारा छोटा संगणक त्या एक्सटीच्या हजारपट काम करतो. छंद म्हणून तुम्ही केलंत, छान केलंत, पण त्याला 'जबाबदारी' वगैरे मोठी नावं नकोत. लिनक्सवाल्यांनीसुद्धा डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकला, आणि २०१३ च्या सुरुवातीला ३सी५०१ सारख्या, आयएसए या जुन्या स्लॉटच्या कार्डांचे ड्रायव्हर उडवले. जगभरचे लोक हाताशी असून त्यांनी सोडलं, तर एकट्या माणसाने का धरून बसायचं? वापरतं कोण हे?

बुटीबोरीकर

आम्ही वापरतो.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा धर्मकाटा माझ्याकडे देखभालीला आहे. प्रोग्रॅम डॉसचा, क्लिपरमध्ये लिहिलेला, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. ट्रक चढतो, इंडिकेटर सीरियल पोर्टवरून वजन पाठवतो, डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींत पावती निघते. मालक म्हणतो, हे चालतंय, याला हात लावायचा नाही. फक्त दिवसाची फाइल ऑफिसात आपोआप जायला हवी, कारण आतापर्यंत ती फ्लॉपीवर जायची आणि आता धड फ्लॉपी मिळत नाहीत. 'नवीन सिस्टिम घ्या' म्हणालो तर नवा इंडिकेटर, नवं सॉफ्टवेअर, पडताळणी आणि काटा बंद राहील तेवढे दिवस ट्रक बाहेर उभे. त्यापेक्षा एक जुनं एनई२००० पद्धतीचं कार्ड, पॅकेट ड्रायव्हर आणि एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क संचातला एफटीपी, म्हणजे फाइल पाठवणारा प्रोग्रॅम. खर्च जवळजवळ शून्य.

आता खरी गंमत. कार्ड लावलं आणि वजन गोठायला लागलं. काट्यावर नवा ट्रक, स्क्रीनवर मागच्याच ट्रकचं वजन. ड्रायव्हर लोक खाली उतरून भांडायला लागले (ट्रकचे, आपले नव्हेत). एनई२००० घराण्याची कार्डं मुळात ३०० हेक्स या पोर्टवर आणि आयआरक्यू ३ वर (आयआरक्यू म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती ओळ) लावलेली येतात. कॉम २ चाही आयआरक्यू ३, आणि इंडिकेटर नेमका कॉम २ वर, कारण कॉम १ वर माऊस. कार्डावरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) सरकवून ५ वर नेला, प्रश्न मिटला. मशीन एटी (एक्सटीनंतरची पिढी) म्हणून ५ मोकळा होता. एक्सटीत तिथे हार्ड डिस्क ठाण मांडून असते, हे जंपर यांना माहीत असेलच.

सांगायचं हे की ड्रायव्हरमध्ये काहीच खोट नव्हती. सोबतच्या टिपणात आयआरक्यूबद्दल दोन ओळी असत्या तर ती रांग लागली नसती.

वऱ्हाडी ठेचा

'ड्रायव्हर खाली उतरून भांडायला लागले' 😂 मले वाटलं मेमरीतून उतरले.

मोडेमकाका

जंपर, तुमच्या धाग्याने नव्वदच्या दशकात नेलं. धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी लॅब सांभाळत होतो. एक नेटवेअर (नॉव्हेलची नेटवर्क प्रणाली) सर्व्हर आणि बाकी सगळे डिस्कलेस नोड. कार्डावरच्या खोबणीत बूट रॉम बसवलेला, मशीन चालू केलं की सर्व्हरवरून डॉस यायचं. केबल बारीक कोअॅक्स, एका तुकड्याची मर्यादा १८५ मीटर, जास्तीत जास्त ३० जोडण्या, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. एखाद्या पोराने खुर्ची मागे रेटली, टी-कनेक्टर हलला, की सगळी लॅब ठप्प. मग मी टेबलांखाली रांगत जायचो आणि वरून 'सर, प्रॅक्टिकलचे मार्क मिळतील ना?'

तेव्हा कार्डाच्या खोक्यात फ्लॉपी यायची. तिच्यात नॉव्हेलसाठी ओडीआय ड्रायव्हर, मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी एनडीआयएस. टीसीपी/आयपी (इंटरनेटची भाषा) चालवायचं तर हवा पॅकेट ड्रायव्हर, आणि तो कंपनीने दिला तर नशीब. म्हणून क्लार्कसन विद्यापीठात सुरू झालेला आणि पुढे क्रिनवर नावाने चाललेला रसेल नेल्सन यांचा संग्रह एवढा मोलाचा. एकाच जागी ढीगभर कार्डांचे ड्रायव्हर, सगळ्यांचा सांगाडा एकच, आणि सोर्स समोर उघडा. एखाद्याने आपल्या कार्डाचा भाग लिहून पाठवला की तो पुढच्या संचात सगळ्यांना मिळायचा. पत्रं तेव्हाही यायचीच हो. उत्तर देणारी माणसं होती म्हणून संग्रह वाढला.

नंदनवन, भंगार म्हणा, पण नासाच्या गॉडार्ड केंद्रात १९९४ साली १६ साध्या ४८६ यंत्रांचा बेओवुल्फ क्लस्टर (एकत्र जोडून एकच काम करणारा गट) उभा राहिला तो १० मेगाबिटच्या इथरनेटवर. त्यात डोनाल्ड बेकर होते, आणि लिनक्सचे इथरनेट ड्रायव्हर लिहून वाटणारे मुख्य माणूस तेच.

नंदनवन

काका, इतिहासाचा आदर आहेच. पण १९९४ मध्ये ते कार्ड नवं होतं. माझा मुद्दा आजचा आहे. बुटीबोरीकरांचा मालक पैसे वाचवतोय आणि त्याचा भार जंपरसारख्या फुकट काम करणाऱ्यावर पडतोय. हे बरोबर वाटतं का?

अ‍ॅसेम्ब्लीवाली

नंदनवन यांचा दुसरा प्रश्न रास्त आहे, पण लिनक्सचं उदाहरण इथे लागू होत नाही.

लिनक्सच्या आतल्या जोडण्या सतत बदलतात. नेटवर्कच्या गाभ्यात एक फंक्शन बदललं की ते वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर कोणीतरी बदलायचा, आणि ते कार्ड कोणाकडेच नसेल तर तो बदल न तपासताच आत जातो. असा मेलेला कोड वाहत राहण्याचा खर्च खरा असतो. शिवाय ३सी५०१ ची महती अशी की पाठवायला आणि घ्यायला मिळून त्याच्याकडे एकच बफर. पाठवत असताना आलेलं पॅकेट गेलं. त्यासाठी मीही रडले नसते.

डॉसमध्ये गाभा बदलतच नाही. एफटीपी सॉफ्टवेअर कंपनीने पॅकेट ड्रायव्हरचा करार मांडला, त्याची १.०९ आवृत्ती १९८९ ची. ६० ते ८० हेक्समधला एखादा इंटरप्ट (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला हाक मारायचा क्रमांक) पकडायचा, हँडलरच्या सुरुवातीला तीन बाइट सोडून 'पीकेटी डीआरव्हीआर' ही खूण ठेवायची, आणि ठरलेली मोजकी कामं करायची. पॅकेट आलं की ड्रायव्हर वरच्या प्रोग्रॅमला दोनदा हाक मारतो: आधी 'एवढ्या लांबीचं आलंय, जागा दे', मग 'भरलं, घे'. मायकेल ब्रुटमन यांचं एमटीसीपी आजही याच करारावर चालतं, आणि अगदी मूळ आयबीएम पीसीवरसुद्धा. म्हणजे १९९० चा बरा ड्रायव्हर आज एक अक्षर न बदलता चालायला हवा.

मग बिघडतं काय? आजूबाजूचं जग. एनई२००० घराण्याच्या गाभ्यातल्या ८३९० चिपची रिंग भरून वाहिली की चिप थांबवून किमान १.६ मिलिसेकंद वाट बघायची, मग पुन्हा सुरू करायची, असं तिच्या माहितीपत्रकात आहे. ही वाट कोणी रिकाम्या लूपने मोजली असेल तर ४.७७ मेगाहर्ट्झला ती पुरते आणि पेंटियमवर चुटकीसरशी संपते. त्याच कार्डाचा, त्याच ड्रायव्हरचा नवा आजार! आणि तोही फक्त जड वाहतुकीत दिसणार.

दुसरं उदाहरण २००३ चं. इथरनेट फ्रेममध्ये डेटा किमान ४६ बाइटचा लागतो, कमी असेल तर भर घालायची. अनेक ड्रायव्हर ती भर शून्यांनी न घालता बफरमध्ये पडलेलं जुनंच काहीतरी पाठवत होते. आधीच्या पॅकेटचे तुकडे तारेवर! इथरलीक नावाने हे प्रकरण गाजलं. ज्यांचे सोर्स उघडे होते ते ड्रायव्हर कोणालाही तपासता आले. ज्यांची फक्त फ्लॉपी उरली होती, त्यांचं काय झालं असेल ते समजून घ्या.

हेक्सडंप

ताईंना दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कस्तुरचंद

+१. मला यातलं ओ की ठो कळलं नाही तरी सगळं वाचलं. धर्मकाट्याची गोष्ट भारी. अवांतर: पार्काजवळ सकाळी तर्री पोहे खात खात हा धागा वाचतोय, फोनवर तर्रीचा डाग पडला.

वऱ्हाडी ठेचा

तर्री सांडली म्हणजे बफर ओव्हरफ्लो झाला. १.६ मिलिसेकंद थांबा, मंग पुन्हा खा.

हेक्सडंप

मूळ विषयाकडे. एम्युलेटर (जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) असताना खरी कार्डं जमवायची गरजच काय? क्यूईएमयूमध्ये एनई२००० आहे, ८६बॉक्समध्येही आहे. ड्रायव्हर बदलला की तिथेच चालवून बघा. आयआरक्यू सोडवायला ना जंपर, ना स्क्रू ड्रायव्हर.

अ‍ॅसेम्ब्लीवाली

वापरतेच मी. बांधणी झाली का, इंटरप्ट धरला का, मेमरीतून नीट बाहेर पडतो का, हे सगळं तिथे बघायचं. रोज खरी एक्सटी कोण चालू करणार? पण एम्युलेटरमधलं कार्ड म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेलं पोर, सांगाल तेवढंच करतं. जंपरना जो दोष सापडला, आठ बिटांचा स्लॉट आणि निम्मी मेमरी, तो क्यूईएमयूत कधीच दिसला नसता, कारण तिथे आठ बिटांचा स्लॉटच नाही. नक्कल कार्डांच्या खोडी तर वेगळ्याच. सच्च्या एनई२००० च्या प्रॉममध्ये (मॅक पत्ता साठवलेल्या चिपमध्ये) मॅक पत्त्यानंतर एका ठरावीक जागी ५७ हेक्स दोनदा असतं, त्यावरून ओळख पटवतात. काही नकला ते ठेवतच नाहीत. जंपर, 'माझं कार्ड ओळखलंच जात नाही' म्हणणाऱ्याला आधी प्रॉममधल्या बाइट छापून पाठवायला सांगा.

बुटीबोरीकर

हेक्सडंप, एम्युलेटरला धर्मकाटा जोडून बघा एकदा.

पैशांबद्दल नंदनवन बोलले ते मलाही खटकतं. जंपर, समजा तुमचा ड्रायव्हर मी मालकाच्या मशीनवर टाकला आणि देखभालीचं बिल लावलं, तर परवान्यात बसतं का?

मोडेमकाका

बसतं. जीपीएलमध्ये पैसे घ्यायला मनाई नाही. ड्रायव्हर देताना सोर्सही द्यायचा, किंवा मागितल्यावर देईन असं लेखी द्यायचं, आणि पुढच्या माणसाचे तेच हक्क काढून घ्यायचे नाहीत. नेल्सन यांनी स्वतः हाच मार्ग धरला होता: ड्रायव्हर सगळ्यांना मोकळे, आणि ज्याला आधार हवा त्याने आधाराचे पैसे मोजायचे. क्रिनवर हे त्या व्यवसायाचंच नाव. तेव्हा नंदनवन, भार कोणावर पडावा याचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच निघालंय. आपल्याकडे 'फुकट' म्हटलं की लोक माणसालाही फुकट धरतात, गोची तिथे आहे.

नंदनवन

हे पटलं. तरी एक्सटी भंगारच.

हेक्सडंप

अवांतर, पण उपयोगी. नवीन स्विच घेताना बघून घ्या. जुनी कार्डं १० मेगाबिट हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) बोलतात. साधे गिगाबिट स्विच बहुतेक अजून १० वर उतरतात, पण २.५ गिगाबिटवाले पुष्कळसे १०० च्या खाली येतच नाहीत. दिवा लागत नाही आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. बर्डीवर जुना १०/१०० चा हब दिसला तर उचलून ठेवा.

गिट्टीखदान

इतका वेळ नुसता वाचत होतो. मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला दिसत नाही. जंपरनी विचारलंय, निस्तरायचं कुठवर?

माझं मत. वर ताईंनी दाखवलं की करार हललेला नाही, कोडही फारसा हलत नाही. बुटीबोरीकरांचा घोळ टिपणाचा होता. जंपरचा दोष त्या विशिष्ट कार्डाचा होता. म्हणजे हे सांभाळायचं तर मुख्य काम कोड लिहिण्याचं नाहीच. कोणतं कार्ड, कोणती चिप, कोणत्या स्लॉटमध्ये, कोणत्या मशीनवर, कोणत्या आयआरक्यूवर चाललं किंवा अडलं, याची वही ठेवायची, आणि ती कार्डं चालू हालतीत ठेवायची. कार्ड हातात नसताना केलेली दुरुस्ती हा अंदाज असतो, आणि असा अंदाज 'नवी आवृत्ती' म्हणून जगाला देणं न देण्यापेक्षा वाईट. आधी एकाचं बंद होतं, आता दहांचं बंद.

म्हणून जंपर, तुमच्याकडे कार्ड आहे तेवढंच तुमचं. ३सी५०३ वाल्याला सांगा, कार्ड पाठव, नाहीतर सोर्स तुझ्यासमोर उघडा आहे. यात उद्धटपणा नाही. सोर्स उघडा ठेवायचा तो याच दिवसासाठी.

अ‍ॅसेम्ब्लीवाली

पूर्ण सहमत, एक पुरवणी. बांधणीची साधनंही जपा. जुने सोर्स ज्या असेंब्लरसाठी लिहिले तो पुढच्या माणसाला रीतसर मिळेलच असं नाही. ओपन वॉटकॉमचा असेंब्लर मोकळा आहे, त्यात बांधता येईल असं करून ठेवा, आणि नेमकी कमांड टिपणात लिहा. कार्ड मिळालं, सोर्स मिळाला आणि बांधताच आला नाही, तर सोर्स असून नसल्यासारखाच.

नंदनवन

ठीक. पण कार्डं पाठवण्याचा खर्च? पोलंडहून नागपूरला एक ३सी५०३ येईपर्यंत कस्टमवाले त्यालाच पुरातन वस्तू ठरवतील.

वऱ्हाडी ठेचा

अजायबघरात जमा करा ना बाप्पा. हत्तीच्या हाडाशेजारी एनई२०००.

मोडेमकाका

बाहेरून कशाला? क्लास बंद झाला तेव्हाचा माझा खोका माळ्यावर आहे. एनई२००० आणि त्याच्या नकला, वेस्टर्न डिजिटलची दोन-तीन डब्ल्यूडी८००३, एक ३सी५०३ पण असावं. टर्मिनेटरही आहेत. या रविवारी घरी या. चहा मिळेल, शिडी तुम्हीच चढायची.

जंपर

काका, नक्की येतो. शिडी माझी.

सगळ्यांचे आभार. गिट्टीखदान म्हणतात तसंच करतो. सोर्ससोबत एक यादी ठेवतो: ज्या कार्डांवर स्वतः चालवून बघितलंय ती वर, दुसऱ्यांनी कळवलेली खाली, त्यांच्या मशीनच्या माहितीसह. यादीबाहेरच्या कार्डासाठी 'दुरुस्ती पाठवा, मी जोडून देईन, पण तपासली असं म्हणणार नाही' अशी ओळ. 'पुढची आवृत्ती कधी' याला उत्तर द्यायचं नाही. आणि नंदनवन, कारखानदार आला तर बुटीबोरीकरांकडे पाठवीन, बिल ते लावतील.

बुटीबोरीकर, कॉम २ आणि आयआरक्यू ३ चा तुमचा अनुभव टिपणात घेऊ का? कारखान्याचं नाव येणार नाही.

बुटीबोरीकर

घ्या की. इंडिकेटरचं पण टाका, नुसतं 'कॉम २' लिहिलं तर लोकांना वाटेल मोडेमपुरतंच आहे.

हेक्सडंप

काकांच्या खोक्यात डब्ल्यूडी८००३ आहेत म्हणून विचारतो. माझ्याकडे पण एक आहे, ३८६ वर. ड्रायव्हर चढतो, मॅक पत्ता बरोबर येतो, पण पहिल्याच पॅकेटला मशीन लटकतं. कॉन्फिग फाइलमधून ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) काढलं की चालतं. ड्रायव्हरचा दोष म्हणायचा का?

अ‍ॅसेम्ब्लीवाली

नाही. एनई२००० पोर्टमधून डेटा देतं, डब्ल्यूडी८००३ कार्डावरची मेमरीच ६४० केबीच्या वरच्या भागात दाखवतं. ईएमएम३८६ ला ती जागा मोकळी वाटते आणि ते तिथे आपला संसार थाटतं. कार्ड डी००० वर असेल तर ईएमएम३८६ च्या ओळीत 'एक्स=डी०००-डी१एफएफ' टाका, काढायची गरज नाही.

हेक्सडंप

टाकलं. चाललं! पिंग येतोय. हे ८ केबीचं झालं ना? ८०१३ असेल तर?

अ‍ॅसेम्ब्लीवाली

साध्या ८००३ वर ८ केबी. ८०१३ वर १६, म्हणून डी३एफएफपर्यंत सोडा. जंपर, हेही टिपणात.